जोड, खर्ज, पंचम : तारांतून उमटणाऱ्या वक्ररेषा

महाविद्यालयीन गणिताच्या पुस्तकांत एक प्रश्न हटकून आढळतो : क्ष = कोज्या थ आणि य = कोज्या २थ अशी दोन समीकरणे दिली असता त्यांतील थ नाहीसा करून क्ष आणि य यांचा परस्परसंबंध सांगणारे एकच समीकरण मिळवा आणि त्याचा आलेख काढा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सांगलीस काढलेल्या विलिंग्डन महाविद्यालयात काय, किंवा कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास स्थापिलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात काय, असले प्रश्न फळ्यावर सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. परंतु ज्या वक्ररेषेचे हे समीकरण आहे ती वक्ररेषा सांगलीपासून अवघ्या तीन कोसांवर, मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानांत, तंबोऱ्याची खर्जाची तार जोडीच्या तारेशी मिळविली जात असताना रोज अदृश्यपणे रेखाटली जात असते, ही गोष्ट त्या विद्यार्थ्यांच्या कानांवर क्वचितच पडली असेल. गणिताचा हा भाग रुक्ष वाटतो याचे कारण तो आपल्या घरच्या वस्तूंपासून तोडून शिकविला जातो हेच होय, असे माझे मत आहे; आणि म्हणून प्रस्तुत लेखात तो तंबोऱ्याच्या चार तारांवरूनच मांडण्याचे योजिले आहे.

मिरजेचा तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. शस्त्रांना धार लावून ती लखलखीत करणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी, तलवारींचे दिवस ओसरल्यावर, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हाताचे तेच कसब सतारी आणि तंबोरे घडविण्याकडे वळविले, आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी ते इतके वाढविले की मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा कडू भोपळा वाळवून, कापून, त्यावर लाकडी तबली व दांडी बसवून, घोडी घासून जवारी काढेपर्यंत या कारागिराच्या हातून जे जे होते ते सर्व शेवटी एका गोष्टीसाठी असते : चार तारांच्या कंपनांतील प्रमाण निखळ ऐकू यावे. मंद्र पंचमाची एक, षड्जाची जोड म्हणजे एकसारख्या दोन, आणि खर्जाची एक, अशा या चार तारा. हिशेबाच्या सोयीसाठी खर्ज एका सेकंदात ८० वेळा कंप पावतो असे धरले, तर पंचम १२० वेळा आणि जोड १६० वेळा कंप पावली पाहिजे. म्हणजे जोडीच्या तारांचे आपसांतील प्रमाण १ : १, जोड आणि खर्ज यांचे २ : १, आणि पंचम व खर्ज यांचे ३ : २.

येथे एक खुलासा अवश्य आहे. प्रत्यक्ष तार एकाच साध्या हेलकाव्याने हलत नाही. तिच्या मूळ कंपनावर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाच्या उपस्वरांची चळत उभी असते, आणि जवारीचे सारे काम ती चळत खुलविण्याचेच असते. आपण तूर्त मूळ कंपन तेवढे विचारात घेऊ. ते कंपन वर्तुळावर समगतीने फिरणाऱ्या बिंदूच्या सावलीसारखे असते, म्हणजे कोज्या थ या फलाने व्यक्त होते. थ हा काळाबरोबर वाढत जाणारा कोन होय. आता अशी कल्पना करावी की एका बिंदूचे आडवे सरकणे एका तारेच्या हुकमतीत दिले आहे आणि उभे सरकणे दुसऱ्या तारेच्या. मग क्षणोक्षणी त्या बिंदूचा क्ष पहिल्या तारेवरून ठरेल, य दुसऱ्या तारेवरून ठरेल, आणि दोघांनाही चालविणारा थ मात्र कागदावर कोठेच दिसणार नाही. या पडद्याआडच्या राशीस प्रचल म्हणतात. प्रचल नाहीसा करून क्ष आणि य यांना एकमेकांसमोर आणून उभे करणे, म्हणजेच समीकरणाला कार्तीय रूप देणे, हा आपला विषय.

प्रथम जोड घेऊ. दोन्ही तारांची वारंवारता एकच. परंतु दोन्ही एकाच क्षणी छेडल्या जात नाहीत, म्हणून एक दुसरीच्या काहीशी पुढे असते. हे पुढे असणे फ या कोनाने मोजू, आणि क्ष = कोज्या थ, य = कोज्या (थ + फ) असे लिहू. दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियम सह्याद्रीच्या परिसरात राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील ज्योत्पत्ति-प्रकरणात दिलेला आहे; त्याच जातीच्या कोज्येच्या नियमाने य = कोज्या थ · कोज्या फ − ज्या थ · ज्या फ असा विस्तार होतो. कोज्या थ म्हणजे क्ष, तेव्हा य − क्ष कोज्या फ = − ज्या थ · ज्या फ. आता उजवीकडे ज्या थ तेवढी अडसर होऊन राहिली. तिचा वर्ग मात्र १ − क्ष² आहे हे आपणांस ठाऊक असल्याने दोन्ही बाजूंचा वर्ग करताच थ समूळ निघून जातो आणि

क्ष² − २ क्ष य कोज्या फ + य² = ज्या² फ

हे समीकरण हाती येते. फ शून्य असेल तर हे (क्ष − य)² = ० होते, म्हणजे पंचेचाळीस अंशांनी कललेली सरळ रेषा; फ काटकोनाइतका असेल तर क्ष² + य² = १ हे वर्तुळ; आणि मधल्या सर्व अवस्थांत एक कललेले विवृत्त. जोडीच्या दोन तारा तंतोतंत जुळल्या असतील तर फ बदलत नाही आणि जे विवृत्त असेल ते स्थिर राहते. परंतु एक तार १६० आणि दुसरी १६०.५ असेल, तर फ हळूहळू वाढत जातो, रेषेचे विवृत्त होते, विवृत्ताचे वर्तुळ, वर्तुळाचे उलट्या बाजूस कललेले विवृत्त, मग दुसरी रेषा, आणि दोन सेकंदांनी सारे चक्र पुनः पहिल्या रेषेवर येते. तंबोरा मिळविणाऱ्याच्या कानाला याच दोन सेकंदांच्या अंतराने आवाज भरत-ओसरत असल्याचा भास होतो; घोडीजवळचा मणी किंचित सरकवून तो ही भरती-ओहोटी लांबवीत लांबवीत नेतो आणि ती पार थांबली म्हणजे जोड लागली असे म्हणतो. त्याने केले ते एवढेच की फ स्थिर केला.

आता खर्ज आणि जोड. खर्जाला आडवी दिशा द्यावी, जोडीला उभी. म्हणजे आरंभी दिलेला पुस्तकी प्रश्नच समोर येतो. क्ष = कोज्या थ, य = कोज्या २थ. दुप्पट कोनाच्या नियमाने कोज्या २थ = २ कोज्या² थ − १, आणि म्हणून एका ओळीत

य = २क्ष² − १.

हे अन्वस्ताचे समीकरण झाले, आणि बहुतेक विद्यार्थी येथे लेखणी खाली ठेवतात. माझ्या मते प्रश्नाचा खरा अर्धा भाग येथून पुढे आहे. अन्वस्त दोन्ही बाजूंनी अनंतापर्यंत पसरतो. परंतु कोज्या थ ही राशी −१ आणि १ यांच्या बाहेर कधीच जात नसल्याने आपल्या बिंदूला त्या अन्वस्ताचा फक्त (−१, १) पासून (१, १) पर्यंतचा तुकडा मोकळा आहे. थ शून्य असता बिंदू (१, १) येथे. ६० अंशांस (½, −½) येथे. ९० अंशांस तळाशी (०, −१) येथे. १२० अंशांस (−½, −½) येथे. आणि १८० अंशांस दुसऱ्या टोकाशी (−१, १) येथे पोहोचून तो क्षणभर थबकतो आणि आल्या वाटेनेच परततो. ही ये-जा समीकरणात कोठेही नाही. कार्तीय समीकरण म्हणजे रानातली पायवाट होय. तीवरून कोण केव्हा गेले, कोणत्या दिशेने गेले, कोठून माघारी फिरले, हे पायवाट सांगत नाही. प्रचल काढून टाकताना आकार मिळतो आणि काळ गमावतो, म्हणून आलेख काढणाऱ्याने गमावलेल्या काळाची रुजुवात मूळ समीकरणांशी करूनच टोके आणि बाण मुक्रर केले पाहिजेत.

खर्ज व जोड याच प्रमाणात, पण वेगळ्या क्षणी छेडल्या, तर आकृती बदलते. क्ष = ज्या थ, य = ज्या २थ घ्या. ज्या २थ = २ ज्या थ · कोज्या थ, म्हणून य = २ क्ष कोज्या थ, आणि वर्ग करून

य² = ४क्ष² (१ − क्ष²).

ही आडव्या पडलेल्या इंग्रजी आठच्या आकड्याची आकृती आहे. उगमबिंदूपासून निघून ४५ अंशांस बिंदू (०.७०७, १) येथे चढतो, ९० अंशांस (१, ०) येथे येतो, १३५ अंशांस (०.७०७, −१) येथे उतरतो, १८० अंशांस पुनः उगमबिंदूतून जातो आणि मग डावीकडील फेरा तसाच पुरा करतो. उगमबिंदूतून तो एकदा २ या चढाने जातो आणि दुसऱ्यांदा −२ या उताराने, म्हणून तेथे नीट फुली पडते. वर्ग करताना ऋण-धन चिन्हांचा भेद पुसला जातो आणि त्यामुळे कधी कधी समीकरणात मूळ वक्ररेषेत नसलेले बिंदूही घुसतात, याची धास्ती विद्यार्थ्याने नेहमी बाळगावी. येथे मात्र डावा-उजवा, वरचा-खालचा असे चारही भाग बिंदू खरोखरच चालून जात असल्याने तसा काही शिरकाव झालेला नाही.

पंचम आणि खर्ज यांचे ३ : २ हे प्रमाण मला या सर्वांत सुंदर वाटते. क्ष = कोज्या २थ, य = कोज्या ३थ. प्रथमदर्शनी येथे थ काढण्याची कोणतीच वाट दिसत नाही, कारण क्ष वरून य काढता येत नाही आणि य वरून क्ष. पण दोहोंची गाठ पडण्याचा कोन शोधावा : क्षच्या कोनाची तिप्पट ६थ, आणि यच्या कोनाची दुप्पटही ६थ. तिप्पट कोनाच्या नियमाने कोज्या ६थ = ४क्ष³ − ३क्ष, आणि दुप्पट कोनाच्या नियमाने कोज्या ६थ = २य² − १. दोन्ही एकाच राशीची मूल्ये, म्हणून

२य² = ४क्ष³ − ३क्ष + १,

आणि उजव्या बाजूचे अवयव पाडले असता २य² = (१ + क्ष)(२क्ष − १)². आलेखाचा सारा नकाशा या अवयवांत लिहिलेला आहे. य शून्य होतो तो क्ष = −१ आणि क्ष = ½ येथे; त्यांपैकी ½ हे मूळ दुहेरी असल्याने तेथे वक्ररेषा स्वतःलाच छेदते. क्ष = −½ ठेवून पाहिले असता २य² = २, म्हणजे य = ±१; तेथे वक्ररेषा वरच्या आणि खालच्या कडेला टेकते. तेव्हा (१, १) या कोपऱ्यातून निघालेला बिंदू (½, ०) मधून खाली उतरतो, (−½, −१) येथे तळाला टेकून (−१, ०) ला वळसा घालतो, (−½, १) येथे माथ्याला टेकतो, पुनः (½, ०) मधून जातो आणि (१, −१) या कोपऱ्यात जाऊन थांबतो, तेथून माघारी. आकृती एखाद्या सैल गाठीसारखी दिसते. आरंभ बदलून क्ष = ज्या २थ, य = ज्या ३थ घेतले तर हीच गाठ उलगडून बंद जाळी होते, आणि तिचे समीकरणही त्याच युक्तीने निघते : ज्या ६थ = ३क्ष − ४क्ष³, कोज्या ६थ = १ − २य², आणि दोहोंच्या वर्गांची बेरीज १, म्हणून (३क्ष − ४क्ष³)² + (१ − २य²)² = १. ही जाळी वरच्या कडेला तीन ठिकाणी टेकते आणि उजव्या कडेला दोन ठिकाणी. स्वर ऐकण्याची गरजच नाही. नुसते हे टेकण्याचे बिंदू मोजले की तीनास दोन हे पंचमाचे प्रमाण डोळ्यांनी वाचता येते.

या आकृती प्रथम अमेरिकेतील नॅथॅनिएल बौडिच यांनी १८१५ साली लोलकाच्या संदर्भात अभ्यासल्या, आणि १८५७ साली फ्रान्समध्ये झ्यूल लिसाझू यांनी दोन नादकाट्यांना आरसे लावून, त्यांवरून परावर्तित केलेला प्रकाशकिरण पडद्यावर पाडून, त्या सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडल्या. लिसाझू यांचा हेतू नादकाटे कानाच्या भरवशावर न सोडता दृष्टीने तपासण्याचा होता. आज भौतिकीच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याच आकृती हिरव्या रेषेने नाचताना दिसतात.

स्वरांची प्रमाणे केवळ कानावर न सोपविता मोजून ठरवावी हीच तळमळ विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीतही जागृत झाली होती. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. पुढे मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साह्य त्यांच्या संशोधनास मिळाले, आणि मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अर्नेस्ट क्लेमंट्स या अधिकाऱ्याने ते कार्य पुढे नेले. या मंडळींनी इंग्लंडात बनवून घेतलेले श्रुती-हार्मोनियम १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडले गेले. त्यांच्या बावीस श्रुतींच्या मांडणीवर तज्ज्ञांनी कडक आक्षेप घेतले आणि ते सर्वच निराधार होते असे म्हणवत नाही. परंतु साध्या हार्मोनियमचे स्वर शुद्ध प्रमाणांवर बसत नाहीत ही त्यांची तक्रार गणिताने पूर्ण सिद्ध होते.

साध्या हार्मोनियमवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. लगतच्या दोन पट्ट्यांतील गुणोत्तर म्हणजे २ चे बारावे मूळ. सात पट्ट्या चढून येणारा पंचम १.५ नसून १.४९८३ असतो. ही संख्या कोणत्याही दोन पूर्णांकांचे गुणोत्तर नाही. वर आपण ६थ ही भेटीची जागा शोधली ती २ आणि ३ पूर्णांक होते म्हणून सापडली, १.४९८३... या अपरिमेय संख्येला तशी भेटीची जागाच नाही, म्हणून प्रचल काढता येत नाही, क्ष आणि य यांचे कोणतेही बहुपदी समीकरण मिळत नाही, आणि बिंदू आपल्या आरंभी कधीच परत न येता चौरसाचा सारा पृष्ठभाग हळूहळू भरून काढीत राहतो. व्यवहारात असे दिसते की पंचमाची आकृती क्षणभर ओळखू येते आणि मग सरकू लागते. खर्ज ८० धरला तर हार्मोनियमचा पंचम ११९.८६ येतो, आणि आकृतीचे एक चक्र पावणेचार सेकंदांच्या सुमारास पुरे होते. एवढी चूक कान पुष्कळदा माफ करतो. गांधाराची गोष्ट निराळी. जोडीच्या १६० वर शुद्ध गांधार ५ : ४ या प्रमाणाने २०० हवा, हार्मोनियमचा गांधार २०१.५९ येतो, आणि ५ : ४ ची आकृती सेकंदाला सहा वेळांहून अधिक उलटीपालटी होते. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून पाचपट वेगाचा उपस्वर म्हणून गांधार आपोआप उमटत असतो, आणि साताऱ्याच्या औंध येथे १९४० पासून भरत आलेल्या संगीत महोत्सवासारख्या बैठकीत दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसलेल्या गायकाच्या कानांत तोच सतत घुमत असतो. त्याच्या शेजारी हा चढलेला गांधार का खुपतो, हे या सहा या आकड्यावरून उमगते.

ज्याला हे सर्व स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याला ऑसिलोस्कोपची जरुरी नाही. तुळईला एका पातळीत दोन खिळे मारून त्यांना एक दोरी सैल बांधावी, म्हणजे ती मध्ये लोंबेल. तिच्या मध्यावर दुसरी दोरी गाठ मारून बांधावी आणि तिच्या टोकाला तळाशी बारीक भोक पाडलेला, कृष्णेच्या कोरड्या वाळूने भरलेला डबा टांगावा. खिळ्यांच्या रेषेत झोका दिला तर डबा गाठीपासून झुलतो. तिच्याशी काटकोनात झोका दिला तर खिळ्यांच्या पातळीपासून झुलतो. झोका लहान असला म्हणजे झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून २ : १ प्रमाणासाठी लांब्या ४ : १ हव्यात. खिळ्यांच्या पातळीपासून डबा १०० सेंटिमीटर खाली असेल तर गाठ डब्यापासून २५ सेंटिमीटरवर बांधली म्हणजे खर्ज-जोडीचा अन्वस्त पडेल, ४४.४ सेंटिमीटरवर बांधली तर पंचमाची गाठ पडेल. आणि ६४ सेंटिमीटरवर बांधली तर गांधार. डबा तिरपा, कोपऱ्याच्या दिशेने ओढून, धक्का न देता सोडावा; म्हणजे दोन्ही हेलकावे एकाच क्षणी टोकापासून सुरू होतात आणि गांधारासाठी क्ष = कोज्या ४थ, य = कोज्या ५थ ही समीकरणे लागू पडतात. भेटीचा कोन २०थ, आणि त्यावरून

१६क्ष⁵ − २०क्ष³ + ५क्ष = ८य⁴ − ८य² + १.

हवेच्या रोधामुळे झोका आखडत जातो, म्हणून वाळूची रेघ स्वतःवरच तंतोतंत न पडता किंचित आत सरकत जाईल. तरी पहिल्या फेरीतच ती स्वतःला छेदते ते सहा बिंदू जमिनीवर मोजता येतील. सोडताना हलका आडवा धक्का दिला की टोके जोडली जाऊन बंद जाळी पडते, आणि तीत एका कडेला पाच व दुसऱ्या कडेला चार टेकण्या दिसतात.